उठता येणं

पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही व्यायामाचं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "रोज चालतो की." सकाळचा पाऊण तास, मैदानाला फेऱ्या, मोबाइलवर मोजलेली पावलं. चालणं चांगलंच आहे. हृदयाला, रक्तातल्या साखरेला, झोपेला, मनाला, सगळ्यालाच त्याचा उपयोग होतो आणि ज्यांनी ते नेमाने टिकवलंय त्यांनी मुळीच सोडू नये. पण वर्षानुवर्षं न चुकता चालणाऱ्या माणसालाही सोफ्यातून उठताना हाताचा रेटा द्यावा लागतो, सत्यनारायणाला गेल्यावर "मला खुर्चीच द्या" म्हणावं लागतं, हे घरोघरी दिसतं. कारण सरळ आहे. सपाट रस्त्यावर चालताना मांडीचे स्नायू आपल्या ताकदीचा लहानसा हिस्साच खर्च करतात. जमिनीवरून उठताना त्यातली बरीचशी ताकद लागते. जी ताकद कधी पुरती वापरलीच जात नाही, ती शरीर सांभाळून ठेवत नाही.

तंदुरुस्तीचं एकच माप निवडायचं झालं तर मी वजन किंवा पोटाचा घेर निवडणार नाही, जमिनीवरून उठणं निवडेन. त्यात मांडीची आणि कुल्ल्यांची ताकद लागते, घोट्याचा आणि खुब्याचा लवचिकपणा लागतो, तोल लागतो आणि थोडा वेगही लागतो. ब्राझीलमधले डॉक्टर क्लॉडिओ जिल अराउजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टीची चाचणी बनवली. जमिनीवर बसायचं आणि उठायचं. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात, गुडघा, कोपर, जे काही टेकवाल त्याचा दर वेळी एक गुण वजा आणि तोल गेला तर अर्धा. ५१ ते ८० वयाच्या दोन हजारांवर लोकांचा त्यांनी काही वर्षं मागोवा घेतला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांना तीन किंवा त्याहून कमी गुण पडले त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण आठ ते दहा गुणवाल्यांच्या पाचपटीहून जास्त निघालं. याचा अर्थ हात टेकवल्याने माणूस मरतो असा होत नाही. आधीपासूनचा आजार, वाढलेलं वजन, बसून काढलेली वर्षं, या सगळ्यांचा हिशोब त्या एका हालचालीत दिसतो, इतकंच. आणि तो डॉक्टरकडे जाण्याच्या कितीतरी आधी दिसतो.

आपल्याकडे ही ताकद वेगळी कमवावी लागत नव्हती. पंगत जमिनीवर, अंथरूण जमिनीवर, भाजी निवडणं, विळीवर चिरणं, शौचाला उकिडवं बसणं, पूजा, अभ्यास, सगळं खाली. दिवसाकाठी वीस-पंचवीस उठबशा कुणी न मोजता होत. मग डायनिंग टेबल आलं, कमोड आला, दिवाण आला, आणि प्रत्येकाने थोडी थोडी उठबस कमी केली. या सोयींविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. ज्यांचे गुडघे झिजलेत त्यांच्यासाठी कमोड म्हणजे मोठा आधार आहे. पण जे आपोआप होत होतं ते आता ठरवून करावं लागणार, आणि कोणत्या वयात काय ठरवायचं हे वेगवेगळं आहे.

लहानपणी मुख्य काम हाडांचं असतं. हाडांचा साठा विशीच्या शेवटापर्यंत भरत जातो आणि त्यातला मोठा वाटा वयात येण्याच्या आगेमागे काही वर्षांतच पडतो. हाडाला सावकाश, लांबलेल्या भाराने फारसा फरक पडत नाही. त्याला थोडे पण जोरकस, अचानक, वेगवेगळ्या दिशांचे धक्के लागतात. म्हणून त्या वयात पोहणं किंवा सायकल यांच्या जोडीला उड्यांचे खेळ हवेतच. आणि याबाबतीत मराठी मैदान श्रीमंत आहे. लंगडीत अख्ख्या शरीराचा भार एका पायावर आदळतो आणि तोलही घडतो. खो-खोत मधल्या पाटीवर आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडं करून उकिडवे बसलेले असतात. खो मिळाला की त्या बसल्या अवस्थेतून एका झटक्यात उठून पळायचं. खोल बैठकीतून इतक्या वेगाने उठण्याचा सराव दुसरा कुठलाही मैदानी खेळ इतक्या वेळा करून घेत नाही. मल्लखांबाने पकड, खांदे आणि पाठ घडते, आणि ओढण्याची ताकद येते, जी आपल्या बाकीच्या व्यायामात जवळजवळ नसते.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, आणि त्यात आठवड्यातून तीन दिवस हाडं-स्नायूंना ताण देणारं काही हवं असंही सांगते. हे साठ मिनिटं एका दमात व्हायला हवेत असं नाही. शाळेची मधली सुटी आणि संध्याकाळचा खेळ मिळून ते होतात, पण संध्याकाळ क्लासला गेली तर होत नाहीत. लहान वयात वजनं उचलली की उंची खुंटते ही समजूत चुकीची आहे. नीट शिकवणारा असेल आणि वजन बेताचं असेल तर त्याने वाढ थांबत नाही. दुखापती होतात त्या चढाओढीने किती उचलता येतं ते पाहण्यातून. आणखी एक, दहा-बारा वर्षांच्या मुलाला वर्षभर एकाच खेळाला जुंपणं टाळावं. तोच खांदा, तीच टाच रोज झिजते.

विशी-तिशीत शरीर इतकं माफ करतं की फसगत होते. रात्री जागून, वडापाववर दिवस काढूनही सकाळी माणूस धावू शकतो. या वयात करायचं ते एवढंच की हाडांचा आणि ताकदीचा साठा जमेल तितका वर न्यायचा, कारण पुढची उतरंड त्या उंचीवरून सुरू होते. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस वजनाचा व्यायाम, दोन दिवस दम लागणारं काही. तालमीतल्या जोर-बैठका यासाठी उत्तम, फक्त एक लक्षात ठेवावं. तालमीतली बैठक टाचा उचलून, वेगात, शेकड्याने मारायची असते. त्याने दम आणि चिवटपणा वाढतो. पन्नास बैठका सहज निघायला लागल्या की निव्वळ ताकद वाढणं मात्र जवळपास थांबतं. तिथून पुढे भार वाढवायला हवा. खांद्यावर वजन घ्या, किंवा एका पायाची बैठक करा.

सूर्यनमस्काराचंही तसंच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ते शाळाशाळांत, घराघरांत नेले आणि महाराष्ट्रावर ते मोठे उपकार आहेत. दंड, खांदे, पाठीचा कणा, मांडीच्या मागच्या शिरा, सगळं त्यात ताणलं जातं. एक पाय पुढे आणि मागचा गुडघा जमिनीवर अशी जी स्थिती त्यात दोनदा येते, ती तर म्हातारपणी जमिनीवरून उठताना नेमकी उपयोगी पडते. पण सूर्यनमस्कारात ओढणं नाही, आणि बारा घाला की चोवीस, पायांवरचा भार तेवढाच राहतो. तेव्हा सूर्यनमस्कार घालणाऱ्याने जोडीला बारला लोंबकळणं आणि वजन घेऊन बैठका, एवढी भर घालावी. काचबिंदू असलेल्यांनी, आणि रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी डोकं खाली जाणाऱ्या स्थिती डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

बाळंतपणानंतरचे महिने वेगळे मोजावे लागतात. सव्वा महिन्याचा आराम म्हणजे सव्वा महिना पलंगावर असा अर्थ कुणी घेऊ नये. घरातल्या घरात चालणं आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर सुरू करता येतो. धावणं आणि उड्या मात्र तीन महिन्यांच्या आधी नकोत. शिंकताना, खोकताना लघवी गळत असेल तर ते "बाळंतपणानंतर व्हायचंच" म्हणून सोडून देऊ नका. फिजिओथेरपीने ते बहुतेक वेळा बरंच सुधारतं, आणि नाही सुधारलं तर ती बाई पुढची तीस वर्षं उडी मारणं, पळणं, हसणंसुद्धा टाळत राहते.

चाळिशीपासून गंभीरपणे बोलावं लागतं. स्नायू हळूहळू कमी होतात, पण ताकद त्यापेक्षा वेगाने जाते आणि झटकन हालचाल करण्याची क्षमता सर्वांत वेगाने, कारण स्नायूंतले झटकन आकसणारे, चपळ तंतू आधी बारीक होतात. ठेच लागल्यावर दुसरा पाय वेळेत पुढे पडतो की नाही, हे त्या चपळ तंतूंवर ठरतं. बायकांच्या बाबतीत आणखी एक घाव बसतो. आपल्याकडे पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिशीला जाते, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं लवकर, आणि पाळी जाण्याच्या आगेमागे काही वर्षं हाडांची घनता सगळ्यात झपाट्याने उतरते. नेमक्या याच वयात बाई मुलांच्या परीक्षा आणि सासू-सासऱ्यांची आजारपणं यांत सापडलेली असते आणि तिच्या वाट्याला फार तर संध्याकाळची एक फेरी येते. मंगळागौरीचे खेळ एका रात्रीपुरते न ठेवता दर आठवड्याला एक तास खेळले तर किती बरं होईल, असं मला मनापासून वाटतं. बसफुगडीत उकिडव्याने उड्या मारायच्या असतात. झिम्मा, पिंगा, कोंबडा यांत पायांवर धक्के बसतात, तोल सांभाळावा लागतो. ज्यांना हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालंय, त्यांनी मात्र उड्या आणि पुढे वाकून झटके टाळून वजनाच्या व्यायामावर भर द्यावा.

आता कृती. चाळिशीनंतर कुणीही, कुठल्याही घरात सुरू करू शकेल असा व्यायाम म्हणजे खुर्चीवरून उठणं. बिनहाताची, न डुगडुगणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. बैठकीची उंची सुमारे १७ इंच हवी. प्लॅस्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर सरकते, ती नको. पुढच्या कडेला बसा. पावलं खांद्यांइतक्या अंतरावर आणि टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. बहुतेकांचं इथेच चुकतं. पाय पुढे राहिले की कितीही जोर लावा, उठता येत नाही आणि दोष गुडघ्यांवर येतो. हात छातीवर घडी. कंबरेतून पुढे झुका, नाक पायाच्या बोटांच्या वर येऊ द्या, श्वास सोडत उठा, पूर्ण ताठ व्हा. बसताना मनात तीन अंक मोजत सावकाश खाली या. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया गेला, कारण सावकाश खाली येण्यातच मांडीला मोठं काम असतं. गुडघे आत एकमेकांकडे झुकत असतील तर मांड्या किंचित बाहेर ढकला. श्वास कोंडून ठेवू नका, रक्तदाब एकदम चढतो.

आठ वेळा एक फेरी, दीड-दोन मिनिटं विश्रांती, अशा दोन फेऱ्या, आठवड्यातून दोन दिवस, मध्ये निदान एक दिवस मोकळा. आठाच्या बारा होऊ द्या, दोनाच्या तीन फेऱ्या. शेवटच्या दोन वेळा कष्टाच्या वाटल्या पाहिजेत. वाटत नसतील तर व्यायाम हलका झालाय. मग छातीशी दोन किलो तांदळाची पिशवी धरा, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी किलो-किलो वाढवा. किंवा उंची कमी करा: खुर्चीवरून चौरंगावर, चौरंगावरून पाटावर. पाटावरून हात न लावता उठणं ज्याला साठीत जमतं, त्याचे पाय फार चांगले आहेत. सरावल्यावर उठणं जितकं झपाट्याने होईल तितकं करा, बसणं मात्र सावकाशच ठेवा. गेलेला वेग असा परत येतो.

गुडघे दुखतात म्हणून हे टाळणारे खूप भेटतात. "ग्रीस संपलंय, आता वापरायचे नाहीत" हा सल्ला ऐकून त्यांनी मांड्या वाळवून घेतलेल्या असतात, आणि मांडी वाळली की सांध्यावरचा भार आणखी वाढतो. झिजेच्या संधिवातावर व्यायाम हाच पहिला उपचार आहे. दुखण्याला दहापैकी गुण दिले आणि ते तीन-चारपर्यंतच राहिलं, चोवीस तासांत पूर्ववत झालं, तर चालेल. दुसऱ्या दिवशी सूज आली किंवा लंगडावं लागलं तर भार जास्त झाला. खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, फेऱ्या कमी करा, पण बंद करू नका. गुडघा अचानक अडकत असेल, गरम लाल होत असेल, किंवा छातीत दाटत असेल, घेरी येत असेल तर आधी डॉक्टर. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जोराचा व्यायाम करू नये, आणि अनवाणी तर नकोच, पायाची जखम त्यांना अनेकदा कळत नाही.

वर्षातून दोनदा स्वतःची परीक्षा घ्यावी. त्याच खुर्चीवरून, हात छातीवर घेऊन, तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या तक्त्यानुसार साठ ते चौसष्ट वयात पुरुषाला १४ आणि बाईला १२ पेक्षा कमी जमलं तर ते सरासरीच्या खाली. सत्तर ते चौऱ्याहत्तरमध्ये हेच आकडे १२ आणि १०, ऐंशी ते चौऱ्याऐंशीत १० आणि ९. हात लावावा लागला तर गुण शून्य. शेजारी कुणीतरी उभं असू द्या.

खाण्याशिवाय यातलं काही बांधलं जात नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगते. साठीनंतर १ ते १.२ ग्रॅम असावीत असं या क्षेत्रातले बरेच तज्ज्ञ मानतात, कारण वयस्कर स्नायू थोड्या प्रथिनांना दाद देत नाहीत. साठ किलोच्या आजींना म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम. त्यांच्या ताटात काय असतं? सकाळी चहा-बिस्किट, मग बशीभर पोहे, त्यात चार-पाच ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या आणि पातळ वरण, मिळून दहा-बारा. रात्री "हलकं" म्हणून मऊ भात. साबुदाण्याच्या खिचडीत जे काही असतं ते दाण्यांच्या कुटाचं. एक अंडं सहा ग्रॅम, पेलाभर दूध सहा-सात, तीस ग्रॅम कच्च्या मटकीची किंवा मुगाची उसळ सात, मूठभर दाणे सात, शंभर ग्रॅम पनीर अठरा. पोह्यांसोबत दोन अंडी किंवा वाटीभर उसळ, दुपारी घट्ट वरण आणि दही, रात्री पिठलं किंवा मूगडाळीचं धिरडं, असं तिन्ही वेळा विभागून खाल्लं तर आकडा गाठता येतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

सत्तरीनंतर उशीर झाला, असं कुणी म्हणालं तर मला राहवत नाही. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोस्टनमधल्या एका वृद्धालयातल्या, सरासरी नव्वद वयाच्या दहा जणांना मांडीसाठी वजनाचा व्यायाम दिला गेला. आठ आठवड्यांत ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांची काठी सुटली. शिक्षक तिथे दर वेळी शेजारी होता, हे महत्त्वाचं.

या वयात तोलाला वेगळा वेळ द्यावा, आठवड्यातून निदान तीन दिवस. स्वयंपाकाच्या ओट्याला दोन बोटं टेकवून एका पायावर दहा सेकंद, मग दुसऱ्या. जमलं की एक बोट, मग हात नुसता वर. त्यानंतर एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून भिंतीकडेने चालणं. टाचा उचलून दहा वेळा चवड्यावर उभं राहणं. मोजे घालून किंवा ओल्या फरशीवर हे करू नये, आणि डोळे मिटून एकट्याने तर कधीच नाही.

आणि अंथरुण. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाचांना पुन्हा तपासलं, तर तीन दशकांच्या वयाने त्यांच्या दमसासाचं जेवढं नुकसान केलं होतं त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केलं होतं, असं आढळलं. विशीत ते भरून निघालं. पंचाहत्तरीत न्यूमोनियाने आठ दिवस झोपून राहिलेले आजोबा घरी येतात तेव्हा आजार गेलेला असतो, पण खुर्चीतून उठता येत नसतं. डॉक्टरांनी मना केलं नसेल तर जेवण पलंगावर न देता खुर्चीत बसवून द्यावं, लघवीला धरून का होईना चालवत न्यावं, आणि दर जेवणाआधी पाच वेळा उठवून बसवावं. "आराम करू दे बिचाऱ्यांना" म्हणून सगळं हातात देणाऱ्या घरात प्रेम असतं, पण पाय जातात.

जमिनीवरून उठण्याची रीत चांगले असतानाच शिकून ठेवावी, सतरंजीवर, शेजारी खुर्ची ठेवून. पाठीवरून कुशीवर वळायचं. वरच्या हाताने रेटा देऊन कोपरावर यायचं, मग दोन्ही हातांवर. तिथून रांगण्याच्या स्थितीत. रांगत खुर्चीपर्यंत, दोन्ही हात बैठकीवर. ज्या पायात जास्त ताकद आहे तो पुढे, पाऊल सपाट. सूर्यनमस्कारातली ती स्थिती ती हीच. हात आणि पुढचा पाय यांचा एकदम रेटा देऊन वर, आणि लगेच वळून खुर्चीत बसायचं. लगेच चालू लागायचं नाही, घेरी येऊ शकते. आठवड्यातून एकदा केलं तरी शरीर विसरत नाही.

आणि घरात कुणी खरोखर पडलं तर काखेत हात घालून ओढू नका. खांदा निखळतो, आणि उचलणाऱ्याची पाठही जाते. आधी दोन मिनिटं तसंच पडू द्या आणि विचारा. जांघेत कळ असेल, एक पाय आखूड दिसत असेल किंवा पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असेल तर खुब्याचं हाड मोडल्याची शंका धरा, हलवू नका, १०८ ला फोन करा. डोक्याला मार असेल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर वरून बरं दिसलं तरी दवाखाना गाठा. असं काही नसेल तर डोक्याशी एक खुर्ची ठेवा, पायाशी दुसरी, आणि कुशीवर वळण्यापासून एकेक पायरी सांगत त्यांना स्वतःला उठू द्या. वर येताना दुसरी खुर्ची मागे सरकवायला तेवढे तयार राहा.